तळहाताखालचा डोळा

माउस उलटा केला की त्याच्या पोटाला एक बारीक भोक दिसतं. त्या भोकामागे कॅमेरा असतो, आणि तो अगदी शब्दशः कॅमेरा. भिंग आहे, उजेडासाठी दिवा आहे, उजेड टिपणारी चिप आहे. गेमिंग माउसच्या दुनियेत बरीच वर्षं ज्याच्याशी इतरांची तुलना व्हायची, तो पिक्सआर्ट कंपनीचा ३३६० नावाचा सेन्सर घ्या. त्याचा फोटो ३६ गुणिले ३६ ठिपक्यांचा, म्हणजे सगळे मिळून १,२९६ ठिपके. हातातल्या फोनचा कॅमेरा कोट्यवधी ठिपके टिपतो, तेव्हा हा आकडा हास्यास्पदच वाटेल. पण हा डोळा सेकंदाला बारा हजारांपर्यंत फोटो काढतो, प्रत्येक फोटो आधीच्या फोटोशी ताडून बघतो, आपण किती सरकलो ते ठरवतो आणि फोटो टाकून देतो. तुम्ही हे वाक्य वाचून संपवेपर्यंत त्याचे पन्नासएक हजार फोटो काढून, तपासून, पुसून झालेले असतात.

अशा जातीचा डोळा, त्याला बिनतारी बोलायला लावणारा रेडिओ आणि महिनोन्‌महिने पुरणारा एक सेल, हे सगळं आज दोन-तीन हजार रुपयांच्या माउसमध्ये मिळतं. स्वस्त वायरलेस गेमिंग माउस कोणता घ्यावा, हा प्रश्न घरातलं कॉलेजात जाणारं पोर विचारतं तेव्हा उत्तर म्हणून एखादं मॉडेल सांगून मोकळं होता येतं. पण त्या किमतीत नेमकं काय मिळतंय हे कळलं, तर निवडही सोपी होते आणि मजाही येते.

तो डोळा बघतो काय? तुमचं टेबल. सनमायका, लाकूड, कापडी माउसपॅड, आपल्याला हे सगळं गुळगुळीत वाटतं. पण दिव्याचा उजेड पृष्ठभागावर मुद्दाम तिरका टाकलेला असतो. उन्हं कलली की सपाट वाटणाऱ्या शेतातल्या ढेकळांच्याही लांब सावल्या पडतात, तसंच इथे होतं; केसाहून बारीक उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि त्या सावल्यांची नक्षी कॅमेऱ्यात उतरते. पुढचा फोटो आला की सेन्सर तो आधीच्या फोटोवर ठेवून डावीकडे, उजवीकडे, वर, खाली असा सरकवून बघतो. नक्षी जिथे सगळ्यात चांगली जुळते, तेवढा हात हलला. टेबलावर काय आहे हे त्याला कधीच कळत नाही आणि कळायची गरजही नाही. नक्षी कुठून कुठे गेली, एवढंच त्याचं जग.

म्हणूनच काचेवर बहुतेक माउस आंधळे होतात. स्वच्छ काचेवर सावली पाडायला काही नसतं. चकचकीत सनमायकावरही कधी कधी पॉइंटर अडखळतो, आणि आपण माउसला शिव्या घालतो. दीडदोनशे रुपयांचा कापडी माउसपॅड टाकला की स्वस्तातला सेन्सरही एकदम शहाणा होतो. या खरेदीत पैशाला पैसा वसूल करून देणारी वस्तू कुठली म्हणाल तर ती हीच, आणि तिची जाहिरात कोणी करत नाही.

जग डोळ्यांसमोरून किती वेगानं सरकतं यावरून आपण किती हललो हे ओळखायची ही युक्ती माणसाची नव्हे. मधमाश्या ती कधीपासून वापरत आहेत. बंगळुरूत शिकलेले आणि पुढे ऑस्ट्रेलियात संशोधन केलेले मंड्यम श्रीनिवासन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधमाश्यांना भिंतींवर नक्षी काढलेल्या अरुंद बोगद्यातून उडवलं. भिंती अगदी जवळ असल्यानं नक्षी डोळ्यांसमोरून भराभर पळायची. पोळ्यात परतल्यावर माशी नाचून अंतर सांगते, आणि या माश्यांनी प्रत्यक्षात उडालेल्या अंतराच्या कितीतरी पट मोठं अंतर नाचून सांगितलं. म्हणजे माशी पंखांचे श्रम मोजत नव्हती, डोळ्यांसमोरून सरकलेलं चित्र मोजत होती. तुमचा माउस हेच करतो. पुढे हौशी मंडळींनी माउसमधला एडीएनएस ३०८० नावाचा सेन्सर उपसून ड्रोनच्या पोटाला लावला, खाली जमिनीकडे तोंड करून. ड्रोन वाऱ्यानं किती वाहवला हे त्याला कळू लागलं. माशीची विद्या माउसकडून पुन्हा आकाशात गेली.

हा डोळा माउससाठी म्हणून जन्मलाच नव्हता. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांचा १९६४ सालचा पहिला माउस लाकडी ठोकळ्याचा होता आणि खाली दोन चाकं होती. नंतर आली रबरी गोळी, जिच्या रुळांवरचा मळ नखानं खरवडून काढायचं काम चाळिशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. १९८०च्या सुमारास प्रकाशावर चालणारे माउस निघाले खरे, पण त्यांना ठिपक्यांची किंवा जाळीची खास पाटी लागायची. कुठल्याही टेबलावर चालेल असा डोळा आला तो ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतून, आणि तिथे चालू होतं वेगळंच काम. हातात धरून कागदावर कसाही फिरवता येईल असा छोटा स्कॅनर त्यांना करायचा होता. हात वेडावाकडा फिरला तरी यंत्राला आपण पानावर नेमके कुठे आहोत हे कळलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी कागदाच्या धाग्यांची सूक्ष्म नक्षी वाचायला चिपला शिकवलं. स्कॅनर आज कुणाला आठवत नाही. ती चिप १९९९ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउस एक्सप्लोररमध्ये सेकंदाला दीड हजार फोटो काढत बाजारात आली आणि गोळी इतिहासजमा झाली.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे येऊ. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत डीपीआय असतो: १२,०००, २६,०००, आणि पुढेही. माउस एक इंच सरकला की तो किती पावलं मोजतो, तो हा आकडा. ८०० डीपीआयला एक पाऊल साधारण ३२ मायक्रॉनचं पडतं, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याच्या आसपास. १२,०००ला ते दोन मायक्रॉनवर येतं. ऐकायला भारी. पण नेहमीच्या १,९२० ठिपके रुंदीच्या पडद्यावर १२,००० डीपीआय लावून बघा: हात चार मिलिमीटर हलला की पॉइंटर या टोकापासून त्या टोकाला. असं कोणी खेळत नाही. व्हॅलरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणारे पट्टीचे खेळाडूही ४००, ८०० किंवा १,६०० वरच असतात. कमी डीपीआय, मोठा माउसपॅड आणि कोपरापासून हलणारा हात, अशी त्यांची रीत. त्यामुळे खोक्यावरचा हा आकडा मी वाचतही नाही. अगदी स्वस्त मालात तर तो कित्येकदा गणितानं फुगवलेला असतो. डोळा बघतो कमी आणि मधली पावलं अंदाजानं भरली जातात.

वाचायचं ते सेन्सरचं नाव, आणि त्यापुढचा आयपीएस हा आकडा. सेकंदाला किती इंच वेगापर्यंत डोळ्याचा माग सुटत नाही, हे तो सांगतो. लॉजिटेकच्या जी ३०४ या आपल्याकडे भरपूर खपणाऱ्या माउसमध्ये हीरो नावाचा सेन्सर आहे, त्याचा आयपीएस ४००. हिशेब केला तर सेकंदाला दहा मीटर, ताशी साडेछत्तीस किलोमीटर. टेबलाच्या त्या दोन फुटांत हात या वेगापर्यंत पोचवून दाखवणारा माणूस मला भेटायचाय. चीनमधल्या नव्या कंपन्यांच्या स्वस्त माउसमध्ये पीएडब्ल्यू ३३११ दिसतो, त्याचा आकडा ३००. तोही पुरून उरतो. महागड्यांतला पीएडब्ल्यू ३३९५ तर ६५० पर्यंत जातो, म्हणजे ताशी ५९ किलोमीटर. या पायरीपुढे सेन्सर सुधारत गेला तरी हात तोच राहतो. सेन्सरचं नाव जाहिरातीत कुठेच दिलेलं नसेल, तर मी तो माउस घेत नाही. चांगला असता तर त्यांनी मिरवला असता.

बिनतारी म्हणजे उशीर, ही समजूत अजून मुरलेली आहे, आणि एके काळी ती खरीही होती. सुरुवातीचे बिनतारी माउस टीव्हीच्या रिमोटसारखे अवरक्त किरणांवर चालायचे. मध्ये चहाचा कप आला की संवाद खुंटला. रेडिओवर बोलणारे माउस १९९०च्या दशकात आले. पण आजच्या रेडिओची तऱ्हा समजून घ्यायची तर आधी वायरच्या माउसचं एक गुपित सांगायला हवं. यूएसबीला जोडलेलं उपकरण आपणहून काही बोलत नाही. कॉम्प्युटर ठरावीक वेळानं विचारतो, ‘काही सांगायचंय?’ आणि मगच माउस उत्तर देतो. साध्या माउसला हे सेकंदाला १२५ वेळा विचारलं जातं, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी. गेमिंग माउसला हजार वेळा, दर मिलिसेकंदाला. बिनतारी माउसला त्या एका मिलिसेकंदात आपला निरोप हवेतून डोंगलपर्यंत, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचलेल्या छोट्या रेडिओपर्यंत, पोचवायचा असतो.

आणि तो आरामात पोचवतो. निरोप असतोच केवढा? आडवा किती सरकलो, उभा किती सरकलो, कुठलं बटण दाबलंय. वीसेक बाइटांचा मजकूर. या माउसमधला रेडिओ सेकंदाला वीस लाख बिट पाठवू शकतो, म्हणजे हा निरोप मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात हवेतून पोचतो. उरलेल्या वेळात डोंगलची पोच यायला, पोच नाही आली तर पुन्हा पाठवायला, त्या वाटेवर गर्दी असेल तर दुसरी वाट धरायलाही सवड मिळते. तुमचा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा असेल तर दोन चित्रांमध्ये जवळपास १७ मिलिसेकंद जातात. डोळ्यांनी बघून बोट दाबायला माणसाला साधारण २०० लागतात. या साखळीत चांगल्या माउसचा रेडिओ ही सगळ्यात चपळ कडी आहे. ज्याचा पडदा ६० चा आहे त्यानं ४,००० किंवा ८,००० वेळा निरोप देणाऱ्या माउसला जादा पैसे मोजू नयेत. ते पैसे पडद्यासाठी साठवावेत.

ब्लूटूथचं मात्र वेगळं आहे, आणि फसगत नेमकी इथे होते. आजवरच्या बहुतेक ब्लूटूथ माउसना दोन निरोपांमध्ये किमान साडेसात मिलिसेकंद थांबावं लागतं. म्हणजे सेकंदाला फार तर १३३ निरोप. एक्सेलच्या शीटवर हे जाणवणारही नाही, धावत्या शत्रूवर नेम धरताना जाणवतं. खोक्यावर ‘वायरलेस’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. सोबत यूएसबीचा छोटा डोंगल आहे का, आणि त्यावर हजार हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला हजार निरोप, मिळतात का, ते बघा. दोन्ही सोयी असतील तर उत्तम. खेळताना डोंगल, लॅपटॉपवर काम करताना ब्लूटूथ.

डोंगल वापरतो ती २.४ गिगाहर्ट्झची पट्टी म्हणजे परवान्याशिवाय वापरता येणारी जागा, आणि फुकटच्या जागेवर असते तशी तिथे झुंबड आहे. घरातलं वायफाय तिथे, ब्लूटूथचे इयरफोन तिथे, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. पण सगळ्यात खोडकर शेजारी वेगळाच निघाला, आणि तो डोंगलला खेटून बसतो: कॉम्प्युटरचा निळा यूएसबी ३ पोर्ट. सेकंदाला ५०० कोटी बिट वाहून नेताना या पोर्टातून आणि त्याच्या वायरीतून रेडिओ गोंगाट बाहेर सांडतो. तो शून्यापासून कित्येक गिगाहर्ट्झपर्यंत पसरलेला असतो, आणि बरोबर मध्ये आपली २.४ ची पट्टी. इंटेलनं २०१२ साली यावर खास टिपण काढलं होतं. बाहेरची हार्ड डिस्क लावून फाइली कॉपी करायला घेतल्या आणि माउस अडखळायला लागला, तर माउस बिघडलेला नाही. डोंगल गोंगाटात बसलाय. उपाय साधा. चांगल्या माउसच्या खोक्यात यूएसबीची एक छोटी एक्स्टेन्शन वायर असते. लोक ती फेकून देतात. ती लावून डोंगल कॅबिनेटच्या मागून काढून माउसपॅडजवळ आणून ठेवा.

एक बारीकशी भानगडही सांगून ठेवतो. २०१६ साली बॅस्टिल या सुरक्षा कंपनीनं दाखवून दिलं की अनेक कंपन्यांचे बिनतारी माउस डोंगलशी बोलताना भाषा गुप्त ठेवतच नव्हते. त्यामुळे लांबवर बसलेला माणूस स्वतःला माउस म्हणवून तुमच्या कॉम्प्युटरवर चक्क टाइप करू शकत होता. नाव-गाव नसलेला तीनशे रुपयांचा बिनतारी माउस निदान ऑफिसच्या मशीनला तरी लावू नये, एवढं यातून घ्यावं.

सेलचा हिशेब मला या सगळ्यात सर्वांत थक्क करणारा वाटतो. जी ३०४ एका पेन्सिल सेलवर चालतो, आणि सेकंदाला हजार निरोप पाठवत कंपनीच्या सांगण्याप्रमाणे २५० तास. चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये साधारण २,५०० मिलिअँपिअर-तास धरले, तर माउसच्या वाट्याला सरासरी १० मिलिअँपिअर येतात, म्हणजे १५ मिलिवॉट. ९ वॉटच्या एका एलईडी दिव्याच्या विजेत असे सहाशे माउस चालतील. कॅमेरा, दिवा, गणित, रेडिओ, सगळं त्या पंधरा मिलिवॉटांत. हात थांबला की डोळा फोटोंचा वेग उतरवतो, हात हलला की चढवतो. काटकसर अशी साधते. आणि मग कोणी त्याच माउसला इंद्रधनुषी दिवे लावतं, जे एकटेच एवढी वीज सहज पिऊन टाकतात. दिवे असलेला बिनतारी माउस घ्यायचाच असेल तर ते बंद करता येतात ना, हे पाहा.

पेन्सिल सेल की आत बसवलेली बॅटरी, यावर वाद घालणारे पुष्कळ. पेन्सिल सेलचं वजन २३ ग्रॅमच्या आसपास, आणि त्यानं जी ३०४ चं वजन ९९ ग्रॅमवर जातं, तेही मागच्या बाजूला. आतली बॅटरी असलेले नवे माउस ५०-६० ग्रॅममध्ये येतात आणि हाताला खरोखर हलके लागतात. पण आतली बॅटरी काही वर्षांनी मान टाकते आणि बदलायला कोणी बसत नाही. पेन्सिल सेल गल्लीतल्या किराणा दुकानात मिळतो. मी सेलच्या बाजूचा आहे. वजन खटकत असेल तर लिथियमचा पेन्सिल सेल टाका, तो १५ ग्रॅमचा असतो. महाग आहे, पण आठ ग्रॅम चुटकीसरशी उतरतात.

आणि मग राहतं ते बटण. डोळा अंतराळयुगातला, रेडिओ तसाच, पण डाव्या बटणाखाली असतो तो पत्र्याच्या इवल्याशा पट्टीचा स्विच. स्वस्त माउस मरतो तो बहुतेक वेळा इथे. दोन धातू एकमेकांवर आदळले की ते एकदाच टेकत नाहीत; टेकतात, उडतात, पुन्हा टेकतात, आणि काही मिलिसेकंदांत स्थिरावतात. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ही पाच-सात क्लिक झाली. म्हणून माउसमधली चिप पहिली टेक मोजते आणि पुढचे काही मिलिसेकंद कानाडोळा करते. पट्टी नवी आहे तोवर हे छान चालतं. पट्टीचा ताण सैलावला, टोकांवर ऑक्साइडचा पापुद्रा बसला, की थरथर कानाडोळ्याच्या मुदतीबाहेर लांबते आणि एका क्लिकच्या दोन होतात. बिनतारी माउसमध्ये वीज वाचवण्यासाठी स्विचमधून अगदी क्षीण प्रवाह सोडतात आणि तो पापुद्रा भेदायला कमी पडतो, हेही त्यामागचं एक कारण. समुद्रकाठच्या दमट हवेत पापुद्रा लवकर धरतो.

खोक्यावर लिहिलेल्या एक कोटी किंवा आठ कोटी क्लिक या आयुष्याच्या गप्पा म्हणूनच जपून वाचाव्यात; तो आकडा स्विच प्रयोगशाळेत किती वेळा दबला याचा असतो. त्यापेक्षा दोन गोष्टी विचारा. वॉरंटी किती वर्षांची आहे आणि ती भारतात चालते का. आणि स्विच ऑप्टिकल आहे का. ऑप्टिकल स्विचमध्ये बटण दाबलं की प्रकाशाची एक रेघ अडते किंवा सुटते. निरोप धातूच्या टकरीवर अवलंबून नसल्यानं ती थरथरच मिटते. रेझरनं २०१९ साली हे आपल्या माउसमध्ये आणलं, आता मधल्या किमतीतही सापडतं. माल परत करायची मुदत असेपर्यंत डावं बटण शेकडो वेळा सावकाश दाबून पाहा, कुठे दोन उमटतात का ते.

उरला आकार, आणि त्याबाबतीत कुठलाही तक्ता कामाचा नाही. कोणी माउसवर अख्खा तळहात टेकवतो, कोणी बोटं आकड्यासारखी वाकवून धरतो, कोणी नुसत्या बोटांच्या टोकांनी हलवतो. जी ३०४ ची लांबी ११६.६ मिलिमीटर, लहान-मध्यम हाताला तो छान बसतो, पण मोठ्या पंजाचा माणूस तळहात टेकवायला गेला तर मनगट टेबलावर घासतं. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला जा, दुसरीकडे असाल तर एखाद्या गेमर मित्राच्या घरी. पाच मिनिटं हात ठेवून बघा, उचलून-आपटून बघा, अंगठ्याखालची बटणं न शोधता सापडतात का बघा. दुकानदार खोकं उघडू देत नसेल, तर शेजारचं दुकानही माउसच विकतं.